८६ माणसांचा कारखाना: एचआरचं काम बाहेर द्यायची वेळ कधी येते?

व्ही_सेक्टर_जळगाव

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत चटई आणि पीव्हीसी पाइपचं युनिट आहे. आमच्या रोलवर ८६ माणसं, त्यात १९ बाया, पॅकिंग आणि शिलाईला. ठेकेदाराची ४० च्या आसपास, सीझनला ५५ पर्यंत जातात. पाळ्या तीन. एचआर म्हणून वेगळा माणूस नाही. अकाउंटंट पगार करतो, पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) भरतो आणि त्याच हातानं जीएसटीही. ७ ला पगार आणि टीडीएस, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ विवरण, १५ ला पीएफ-ईएसआयसी, २० ला जीएसटीचंच ३बी. महिन्याचे पहिले वीस दिवस त्याला मान वर करायला फुरसत नसते, आणि मग पगारात चुका होतात.

पुण्याच्या एका एजन्सीनं दर दिलाय: माणशी महिन्याला १४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, सुरुवातीला एकदाच २०,०००. 'सगळंच आम्ही बघू' म्हणतात. शेठ म्हणतात, देऊन टाका, कटकट संपेल.

किती माणसं झाली की बाहेर द्यावं, असा काही ठोकताळा आहे का? आणि द्यायचं तर काय द्यायचं, काय ठेवायचं?

वाघूरकाठ

भाऊ, माणसांच्या आकड्यावर हे ठरत नाही. ३० माणसांच्या कारखान्याला बाहेर देणं परवडतं आणि ३०० वाल्याला परवडत नाही, असं दोन्ही होतं. आधी तास मोजा. अकाउंटंटला एक दोनशेपानी वही द्या आणि दोन महिने पगाराशी संबंधित प्रत्येक कामापुढे किती वेळ गेला ते लिहायला लावा. अंदाजानं नाही, घड्याळ बघून.

समजा वहीतून महिन्याला ११० तास निघाले: हजेरी जुळवायला ४२, उचल-खाडे-ओव्हरटाइमच्या तक्रारी निस्तरायला १८, पगारपत्रकाला ८, पीएफ-ईएसआयसीच्या चलनांना ७, नव्या माणसांच्या कागदांना १६, सोडून गेलेल्यांच्या हिशेबाला ९, भरतीला १०. यातलं एजन्सी खरंच काय उचलणार? पगारपत्रक, चलनं आणि हिशेबातले चार-पाच तास. मिळून २०. बाकीचे ९० तास तुमच्याच गेटवर राहतात, कारण हजेरी पुण्यात बसून जुळत नाही.

आता पैसे. ८६ × १४० = १२,०४०, जीएसटी धरून १४,२०७ रुपये. वीस तासांसाठी म्हणजे तासाला ७१० पडले. अकाउंटंटचा पगार २८,००० धरला आणि महिन्याचे २०८ तास, तर त्याचा तास १३५ ला पडतो. नुसता वेळ वाचवायचा म्हणून देत असाल तर हा व्यवहार तोट्याचा आहे.

मग कधी द्यायचं? चुका वेळेअभावी होत नसून माहितीअभावी होत असतील तेव्हा. किंवा सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे आणि तो पंधरा दिवस आजारी पडला तर पगार थांबेल, अशी स्थिती असेल तेव्हा. किंवा तुम्ही बऱ्हाणपूरला, सुरतेला डेपो उघडला आणि दुसऱ्या राज्याचे नियम अंगावर आले तेव्हा. तुमची अडचण पहिल्या प्रकारची आहे की नाही, हे तुमच्या पोस्टवरून कळत नाही. चुका नेमक्या कोणत्या, ते लिहा.

आणि बाहेर देण्याआधी रात्रपाळीची हजेरी तपासा. चटईच्या युनिटमध्ये निम्मी भांडणं तिथूनच निघतात. माणूस रात्री १०:५६ ला थंब करून आत येतो, सकाळी ७:०९ ला बाहेर पडतो. मशीनमध्ये दिवस रात्री १२ ला बदलतो असं सेट असेल तर त्याच्या नावावर आज 'आत आहे, बाहेर नाही' आणि उद्या 'बाहेर आहे, आत नाही' पडतं. एका पाळीचे दोन अर्धे दिवस किंवा सरळ दोन खाडे. मग अकाउंटंट मुकादमाच्या वहीवरून हातानं दुरुस्त करतो आणि तिथं ४२ तास जातात. फक्त रात्रपाळीवाल्यांपुरती मशीनमध्ये दिवस बदलायची वेळ १२ ऐवजी सकाळी ९ ला आणा, किंवा रात्रपाळीचा वेगळा शिफ्ट-कोड लावा. फुकटात पंधरा-वीस तास सुटतील.

दालमिलवाला

वाघूरकाठ भाऊंच्या हिशेबात एक भर. चटईवाल्यांना एजन्सीच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी क्रेडिटमध्ये (विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होऊन) परत मिळतो, म्हणजे खरा खर्च १२,०४० च. आम्हा डाळवाल्यांचं तसं नाही. सुटी डाळ किंवा २५ किलोच्या वरचं पोतं यावर जीएसटी नाही, त्यामुळे त्या विक्रीपुरतं क्रेडिटही नाही. १८ टक्के खिशातून. हा धागा वाचून कुणी दालमिलवाला हाच दर घासाघीस करायला घेणार असेल तर आधी हे धरा.

माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं तर आणखी वाईट. तिथं ती नुसत्या सेवाशुल्कावर नाही, मजुरी अधिक पीएफ अधिक शुल्क अशा पूर्ण बिलावर जीएसटी लावते. १० लाखांच्या बिलावर १ लाख ८० हजार. क्रेडिट नसेल तर तो आकडा डोळ्यांत पाणी आणतो.

लळिंग_धुळे

मूळ पोस्टमध्ये एक घोळ दिसतोय, तो आधी सोडवतो. एचआरचं काम बाहेर देणं वेगळं आणि माणसं दुसऱ्याच्या रोलवर टाकणं वेगळं. पहिल्यात माणूस तुमचाच राहतो, फक्त कागद दुसरा करतो. दुसऱ्यात माणूस ठेकेदाराचा होतो. पुष्कळ एजन्स्या पहिल्यापासून सुरुवात करतात आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याचा प्रस्ताव ठेवतात: 'रोलच आमच्याकडे द्या ना'. तिथं सावध. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू आहेत आणि त्यात मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणूस लावायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. एक्स्ट्रूडर (पाइप काढणारं यंत्र) आणि लूम (चटईचा माग) चालवणारा माणूस म्हणजे मुख्य काम. साफसफाई, पहारा, कँटीन, माल चढवणं-उतरवणं ही मुख्य कामात धरत नाहीत. (हमालांच्या बाबतीत माथाडी कायदा लागतो का, ते वेगळं तपासायचं.) तुमची ४० ते ५५ ठेक्याची माणसं नेमकी कुठं उभी आहेत ते बघा. ५० हा कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याचा आकडा आहे आणि सीझनला तुम्ही तो ओलांडता.

दुसरं, जबाबदारी. एजन्सीनं चलन भरलं नाही तर नोटीस एजन्सीला येत नाही, कारखान्याच्या कोड नंबरवर येते. ठेकेदारानं त्याच्या माणसांचा पीएफ बुडवला तरी शेवटी वसुली मूळ मालकाकडून. पीएफ उशिरा गेला की वर्षाला १२ टक्के व्याज, वर महिन्याला १ टक्का दंड. एजन्सीशी कितीही कडक करार केला तरी सरकारच्या नजरेत तुम्हीच. करारानं फार तर तुम्ही ते पैसे एजन्सीकडून नंतर वसूल कराल.

आता माहितीअभावी होणाऱ्या चुका कोणत्या, त्या बघा. यातल्या दोन-तीन तुमच्याकडे होत असतील तर बाहेर द्यायचं कारण आहे:

ईएसआयसी २१,००० च्या पगारापर्यंत. एखाद्याचा पगार जुलैत २१,५०० झाला की अकाउंटंट ऑगस्टपासून कपात बंद करतो. चूक. वर्षाचे दोन कालखंड आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंडाच्या मध्ये मर्यादा ओलांडली तरी तो संपेपर्यंत कपात चालू ठेवायची आणि ती वाढलेल्या पगारावर. माणसाचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के. मध्येच बंद केली तर मागची सगळी रक्कम व्याजासह मालकाच्या खिशातून, कारण माणसाच्या पगारातून मागचं कापता येत नाही.

व्यवसाय कर: पुरुषांना १०,००० च्या वर महिन्याला २००, पण फेब्रुवारीत ३००. बायांना २५,००० पर्यंत शून्य. तुमच्या १९ बायांकडून दोनशे कापले जात असतील तर आजच बघा. बाहेरच्या राज्यातलं सॉफ्टवेअर असलं की ही चूक हमखास दिसते.

कामगार कल्याण निधी: जून आणि डिसेंबरच्या पगारातून माणसाचे २५, मालकाचे ७५. वर्षातून दोनदाच असल्यानं सगळे विसरतात. रक्कम चिल्लर, पण तपासणीत पहिलं हेच मागतात.

आणि सगळ्यात ताजी अडचण: माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याची मजुरी दोन कामकाजी दिवसांत द्यायची. 'पुढच्या महिन्याच्या पगारासोबत हिशेब' ही आपल्याकडची जुनी सवय आता चालत नाही. पुण्याच्या एजन्सीला विचारा, महिन्याच्या १२ तारखेला माणूस गेला तर १४ ला हिशेब देणार का? उत्तरात 'आमचं पगारचक्र' हा शब्द आला तर समजून घ्या.

काय बाहेर देताच येत नाही, तेही सांगतो. १० किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष तुमच्याच कारखान्यातली वरिष्ठ स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. एजन्सी फार तर प्रशिक्षण देईल आणि वार्षिक अहवालाचा मसुदा करेल. समिती नसेल तर ५०,००० पर्यंत दंड. २० कामगारांवर तक्रार निवारण समिती, तीही आतलीच. शिस्तीचं तसंच: चौकशी अधिकारी बाहेरचा नेमता येतो, पण आरोपपत्रावर सही कारखान्याच्याच अधिकाऱ्याची लागते. आणि २५० कामगार झाले की कल्याण अधिकारी नेमावाच लागतो. तिथं 'बाहेर द्यावं का' हा प्रश्नच अर्धा मिटतो.

पगारपत्रक_ताई

लळिंग दादांनी कायदा सांगितला. मी गेटवरचं सांगते, कारण एजन्सी तिथंच अडते.

१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या माणसाचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच निघतो. पूर्वी आधारचा नंबर आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की पुण्याहून यूएएन यायचा, आता माणूस आणि मोबाइल एकाच जागी लागतात. म्हणजे कुणीतरी कारखान्यातच उभं राहून हे करायचं: आधारला जोडलेला मोबाइल हातात, ओटीपी, मग चेहरा. सातपुड्यातून येणाऱ्या कितीतरी पोरांच्या आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा घरी भावाकडे असतो. अशांना आधी आधार केंद्रावर नंबर जोडायला पाठवायचं, त्यात दिवस जातात. तोवर त्या महिन्याच्या ईसीआरमध्ये (पीएफ भरताना पोर्टलवर द्यायची माणसांची यादी) नाव घालता येत नाही आणि पुढच्या महिन्यात मागचा भरणा करावा लागतो.

चोपडा, यावल, रावेरकडच्या आणि सीमेपलीकडच्या माणसांचं चक्रही एजन्सीला ठाऊक नसतं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार सुरू झाला की पावरा-भिल्ल पोरं गावी जातात ती होळी करूनच येतात. काही येतच नाहीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाया माहेरी. दिवाळीनंतर तसंच. म्हणजे वर्षातून तीनदा जाणाऱ्यांचे हिशेब आणि नव्यांच्या नोंदी एकदम येतात. एजन्सीचा करार 'महिन्याला अमुक नोंदींपर्यंत, वर प्रत्येकी जास्त' असा असेल तर मार्च-एप्रिलचं बिल वाचून शेठ तुम्हाला बोलावतील.

आणखी काही छोट्या गोष्टी, पण यांनीच पीएफचे क्लेम नामंजूर होतात. जन्मतारीख: आधारवर नुसतं वर्ष सांगितलेल्यांची १ जानेवारी पडलेली असते, शाळेच्या दाखल्यावर वेगळी. यूएएनमध्ये आधारची तारीख घ्यायची, दाखल्याची नाही. नाव: आधारवर आडनाव आधी असेल तर तसंच. आधीचा यूएएन आहे का हे विचारल्याशिवाय नवा काढायला जायचं नाही. सुरतेला किंवा पुण्याला काम केलेला माणूस 'माझं काही नाही' म्हणतो आणि आधारवरून निघतोच. आणि सोडून गेलेल्याची बाहेर पडल्याची तारीख पोर्टलवर टाका. ती मालकानं टाकायची असते. टाकली नाही तर माणसाला शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने थांबून स्वतः टाकावी लागते, आणि तो ॲपवर करण्याऐवजी तुमच्या गेटवर येऊन बसतो. त्याचंही बरोबरच आहे.

ईएसआयसीची नोंद मुदतीची वाट न बघता पहिल्याच दिवशी, कामावर उभं करण्याआधी. अपघात सकाळी आणि नोंद त्याच संध्याकाळी असं दिसलं की पुढची प्रत्येक फाइल संशयानं उघडली जाते.

माझं मत: २५ हजारांच्या आसपास पडणारा एक टाइम-ऑफिसचा मुलगा किंवा मुलगी घ्या. विद्यापीठातून एमएसडब्ल्यू, एमबीए होऊन बसलेली पोरं जळगावात आहेत. हजेरी, गेट, केवायसी, हिशेब त्यांच्याकडे. चलनं आणि कायद्याची बाजू बाहेर.

व्ही_सेक्टर_जळगाव

सगळ्यांचे आभार. लगेच तपासलं. बायांचा व्यवसाय कर कापला जातोय, सगळ्या १९ जणींचा, आणि एकीचाही पगार २५,००० च्या वर नाही. ईएसआयसीत दोघांची कपात मध्येच बंद केलेली सापडली. रात्रपाळीसाठी मशीनमधली दिवस बदलायची वेळ मशीनवाल्याला फोन करून बदलून घेतली. ठेक्याची ११ माणसं लूमवर निघाली, ती वेगळी डोकेदुखी.

म्हणजे माहितीच्या चुका आहेतच. ताईंचा मार्ग पटतोय. पण चलनं आणि कायद्याची बाजू पुण्याला द्यायची की जळगावातल्याच पीएफवाल्या सल्लागाराला? तो ८६ माणसांचे ७,००० मागतो, पण त्याच्याकडे पन्नासेक कारखाने आहेत. आणि करारात काय घालायचं?

लळिंग_धुळे

व्यवसाय कराचे कापलेले पैसे बायांना परत द्या आणि पगारपत्रकावर 'जादा कपात परत' अशी वेगळी ओळ दाखवा. गुपचूप पुढच्या पगारात मिसळू नका. ईएसआयसीच्या दोघांचं दोन्ही वाट्यांसह व्याज लावून भरा, पत्र येण्याची वाट बघू नका. लूमवरच्या ११ जणांचं मनाईच्या अपवादांत बसतं का ते बघा. काम सीझनपुरतं अचानक वाढलंय असं दाखवता येत असेल तर गोष्ट वेगळी, बाराही महिने तीच माणसं तिथं असतील तर रोलवर घ्यायचा हिशेब मांडा.

जळगाव की पुणे, हे मी अंतरावर ठरवणार नाही, पन्नास कारखान्यांच्या आकड्यावर ठरवेन. सगळ्यांची अंतिम तारीख १५ च आहे. त्याच्याकडे हात किती आहेत ते विचारा. एकटा आणि एक पोरगा असेल तर १४ च्या रात्री पोर्टल रांगत असताना तुमचं चलन चाळिसावं असेल. करारात आमची चलनं १० तारखेपर्यंत तयार आणि १२ पर्यंत भरलेली, असं लिहून घ्या. तपासणीच्या वेळी नाशिकच्या कार्यालयात किंवा कामगार अधिकाऱ्यापुढे कागद घेऊन कोण उभं राहणार आणि त्याचे वेगळे पैसे किती, हेही. इथं गाववाल्याचा फायदा असतो.

पैसे नेहमी तुमच्या खात्यातून थेट चलनावर. 'आमच्या खात्यात टाका, आम्ही भरतो' याला ठाम नाही म्हणा, माणूस कितीही ओळखीचा असू दे.

वाघूरकाठ

दादांना जोडून, पासवर्डचं. पीएफ, ईएसआयसी, व्यवसाय कर या तिन्ही पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल कारखान्याचा हवा, सल्लागाराचा नाही. पुष्कळ ठिकाणी कोड काढतानाच सल्लागारानं स्वतःचा नंबर टाकलेला असतो. मग त्याला बदलायचं म्हटलं की ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. आजच लॉगिन करून बघा. डिजिटल सहीचं टोकन कपाटात ठेवा, त्याच्या ड्रॉवरमध्ये नको. त्या टोकनवर तुमच्या नावानं काहीही मंजूर होतं. आधार-बँकेचे कागद व्हॉट्सॲपवर पाठवणं बंद करा आणि करार संपल्यावर माणसांची माहिती परत द्यायची, स्वतःकडची पुसायची, हे कलम घाला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर आहे, म्हणजे तुमच्यावर.

दर महिन्याला चलन झालं की तीन आकडे जुळवा: हजेरीत किती नावं, पगारपत्रकात किती, ईसीआरमध्ये किती. फरक पडला तर प्रत्येक नावाचं कारण लिहून घ्या. ठेकेदाराकडूनही तुमच्या जागेपुरता वेगळा ईसीआर मागा आणि तो गेटच्या नोंदीशी लावून मगच बिल सोडा. एकत्र ईसीआरमध्ये दुसऱ्याच कारखान्याची माणसं दाखवून तुमची गाळलेली कळत नाहीत.

बदल १ एप्रिलला करा. ईएसआयसीचा कालखंड आणि कराचं वर्ष दोन्ही तिथंच सुरू होतात, मध्ये तोडलं तर वर्षाचे आकडे दोन ठिकाणी अडकतात. त्याआधी जानेवारी ते मार्च दोन्हीकडे पगार काढा, पैसे मात्र जुन्याच पत्रकावरून. दोन्ही पत्रकं रुपयाला रुपया जुळली पाहिजेत. फेब्रुवारीत पुरुषांचे ३०० आणि बायांचे शून्य आपोआप आले का ते बघा. मार्चमध्ये भोंगऱ्याला गेलेली पोरं हजेरीत 'गैरहजर' म्हणून येतात की 'सोडून गेले' म्हणून, तेही बघा. सल्लागारानं न विचारता त्यांची बाहेर पडल्याची तारीख टाकली तर होळीनंतर परत आलेल्यांची नोंद पुन्हा करत बसावी लागेल.